आजाचा वस्तरा

"भुजंगराव, पाया पडतो, पर मला बसायला लावू नका," पुंजाराम न्हावी ओट्याखालीच उभा राहून म्हणाला. हत्यारांची धोकटी त्यानं काखेत घट्ट धरली होती. "काकासायब सांगून गेल्ते. तुमच्या गालाला माझा वस्तरा लागला तं माझं बलुतं बंद."

"मंग जा बाबा," आबा म्हणाले. "तुझ्यावर राग न्हाई."

मला मात्र राग आला होता, आणि तो पाटलावर होता. काकासाहेब आमच्या गावचा पाटील. मी भुजंगरावांची एकुलती लेक, द्वारका. पोरवयातच विधवा होऊन माहेरी आले. आबांनी घनसावंगीच्या धर्मराजशी माझा पाट ठरवला. आता विधवेचा पाट लावायचा तो रात्री, गावाबाहेर, अंधारात. का, तर त्या बाईचं तोंड कुणाला दिसू नये! आबा म्हणाले, "माझ्या लेकीनं काय चोरी केली? दारात मांडव घालीन, भर उन्हात लावीन." झालं! पाटलाचं डोकं फिरलं. लग्न मोडणं त्याच्या हातात नव्हतं, न्हावी मात्र होता.

आमच्याकडे दाढी वाढलेला बाप म्हणजे घरात सुतक. सुतकाच्या दारातून वऱ्हाड आल्या पावली परत जातं. शेजारच्या गावचा न्हावी पुंजारामच्या वतनात हात घालणार नाही, आणि तीर्थपुरीच्या बाजारातल्या न्हाव्यालाही पाटलाचा निरोप पोचला होता. कार्य परवावर आलं होतं आणि आबांच्या तोंडावर जंगल माजलं होतं.

आबा उठले आणि त्यांनी पत्र्याची जुनी पेटी उपसली. माझा आजा जालन्याच्या छावणीत रिसाल्यात होता. त्याचा वस्तरा तळाशी फडक्यात सापडला. कसला वस्तरा! नुसता गंजाचा तुकडा. मुठीतून पातं बाहेर निघेना.

"अगं बाई! कुणब्यानं वस्तरा धरायचा?" माय कपाळावर हात मारून म्हणाली. "सोयरे काय म्हणतील?"

"नांगर धरतो तवा कोणी काय म्हणत न्हाई. आन गं चिंच."

आबांनी खिळीवर घासलेट सोडलं, पातं कसंबसं उघडलं. चिंच आणि राख लावून मी ते घासायला बसले. मग विटेचा भुगा आणि करडईचं तेल. बोटं काळी झाली, नखांत गंज बसला, पण दुपारपर्यंत पात्याला रंग आला. धारेपाशी बारीक खड्डे राहिले ते राहिलेच.

मग आबांनी धार लावायला घेतली. जन्मभर विळे पाजवलेला माणूस. त्यांनी वस्तराही विळ्यासारखाच धरला, पाठ उचलून, तिरका, आणि दगडावर खसाखसा ओढला. आणि धार बघायला अंगठा फिरवला, विळ्यावर फिरवतात तसा. अंगठा बराबर फाटला.

"बघा, कसा लागला!" आबा खूश झाले.

कसला लागतोय! आरसा धरून त्यांनी गालावर वस्तरा टेकवला तर केस कापायचे सोडून तो उपटायला लागला. डोळ्यांत पाणी आलं, गालावर रक्त आलं. पण माणूस हट्टी. पुन्हा दगड, पुन्हा खसाखसा. दुसऱ्या दिवशीही तेच चाललं होतं. मी म्हटलं, "आबा, ऱ्हाऊ द्या. रात्रीच लावा पाट. मला चालंल."

"मला चालत न्हाई," आबा ओरडले. "तू काय मेलेली हायस का, अंधारात न्यायला?"

तेवढ्यात कुडापलीकडून पुंजाराम चालला होता. दगडावरचा तो आवाज त्याला सहन झाला नसावा. थांबला नाही, इकडे बघितलंसुद्धा नाही. चालता चालता एकटाच ओरडला, "इळा पाजवून राह्यले का वस्तरा? पाठ दगडावर टेकवा की! निजवा त्याला! आन हळू, धारेच्या तोंडानं पुढं न्या!"

आबांनी वस्तरा दगडावर आडवा निजवला. आता पाठ आणि धार दोन्ही टेकली. घासताना आवाजच बदलला. ते थकले की मी, मी थकले की ते. मग जुन्या मोटेच्या चामड्याला तेल लावून वस्तरा त्यावर उलटसुलट फिरवला. सांजच्याला आबांच्या मनगटावरचा केस ओढ न लागता तुटला, तेव्हा मायसुद्धा हसली.

लग्नाच्या सकाळी आबा ओट्यावर बसले. गाल त्यांनी कसे तरी केले, पण गळ्याशी आल्यावर कापलेल्या अंगठ्याला बांधलेली चिंधी आडवी येऊ लागली. दोनदा कापलं. मी वस्तरा काढून घेतला.

"द्वारके, तू?" माय किंचाळली.

"घासला कोणी?" मी म्हटलं. "मान वर करा, आबा."

त्यांनी मान वर केली आणि डोळे मिटले. बापाच्या गळ्यावर वस्तरा ठेवताना मी जीव मुठीत धरला होता. पण हात हलू दिला नाही. एवढं ओझं मी आयुष्यात पुन्हा उचललं नाही.

गाड्या आल्या. काकासाहेब काठी घेऊन चावडीपासून चालत आला होता, वऱ्हाड परत फिरताना बघायला. आबांचं तोंड बघून तो जागच्या जागी थांबला. मग गर्दीकडे वळून गरजला, "पुंज्या! तुला सांगितलं होतं ना रे?"

पुंजारामचा चेहरा उतरला. हात जोडून तो नुसता मान हलवत राहिला.

"त्याला दम देऊ नका," आबा मांडवातून बाहेर आले. "त्यानं हात लावला न्हाई."

"मंग कोन्या न्हाव्यानं केली?"

"माझ्या लेकीनं केली."

मांडवात माना वळल्या. विधवा पोर, कुणब्याची, आणि हातात वस्तरा! गाडीतून उतरलेला धर्मराज माझ्याकडे बघत राहिला. मी पदर ओढला नाही.

"रांडव पोरीच्या हातची दाढी!" काकासाहेब थुंकला. "लाज न्हाई वाटत?"

"बिलकुल न्हाई," आबा म्हणाले. पाटलासमोर जाऊन त्यांनी आधी उजवा गाल उन्हात धरला, मग डावा. "बघा की. बरी झाली का?"

काकासाहेब एक पाऊल मागे सरला. आबांच्या गळ्यावरची एक चीर उघडली होती आणि रक्त नव्या सदऱ्यात उतरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. पाटलाकडे पाठ केली आणि व्याह्यांना हात जोडून म्हणाले, "या, या. उन्हात कामून उभे? मांडव आपलाच हाय."