कोरी नळी

चौदावी नळी गाळणीवर ओतून झाली तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी शिकायला आलेल्या नव्या मुलींना विचारलं, की मेंदूला वर्षानुवर्षं झोपेच्या औषधाची सवय लागली आणि एक दिवस ते अचानक काढून घेतलं, तर काय होईल. मुलींनी प्रश्न वह्यांत उतरवून घेतला. गाळणीकाकांचा हात मात्र नळीवरच थबकला.

त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. सव्वीस वर्षं ते प्रयोगशाळेत हेच काम करत आले होते. उंदरांच्या मेंदूचा बारीक गाळ नळ्यांत घालून त्या बर्फात ठेवायच्या, त्यात औषध मिसळायचं, मग कागदी गाळणीवर ओतून गार पाण्याने तीनदा धुवायचं, तेही दहा सेकंदांच्या आत. चिकटायचं ते औषध चिकटून राही, बाकीचं वाहून जाई. प्रत्येक खेपेला एक नळी कोरी असे, म्हणजे तपासायचं औषध न घातलेली. कोरी नळी नसेल तर बाकीच्या आकड्यांना काडीची किंमत नाही, हे काका इतक्या तोऱ्यात सांगत की नवी मंडळी मॅडमपेक्षा त्यांनाच वचकून असत.

"पेशीच्या भिंतीत एक दार असतं," मॅडम सांगत होत्या. "गाबा नावाचं रसायन ते उघडतं आणि मेंदू शांत होतो. झोपेचं औषध त्याच दाराला एका बाजूने चिकटतं आणि दार सहज उघडायला लागतं. झटके आणणारं औषध दाराच्या आतच बोळ्यासारखं अडकून बसतं. आता रोज झोपेचं औषध मिळालं, की दार त्याच्या भरवशावर राहतं. ते एकदम काढलं, तर जणू बोळा बसल्यासारखंच होतं. चार-पाच दिवसांत झटके येतात. माणूस जाऊसुद्धा शकतो."

आज पाचवा दिवस होता.

काकांच्या घरी त्यांची मोठी बहीण होती. आईवडिलांमागे तिनेच शिवणयंत्र चालवून त्यांना वाढवलं होतं, आणि लग्न दोघांनीही केलं नव्हतं. चौदा वर्षं ताई झोपेची गोळी घेत होती. अलीकडे दिवसाही पेंगायची, दोनदा शेगडी चालूच राहिली. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करा म्हणून सांगितलं, पण ताई ऐकून घ्यायला तयार नव्हती. रोज गोळी काढून देणारे काकाच. एक दिवस त्यांनी ठरवलं, की खरंच गोळीने झोप लागते की नुसती सवय आहे, ते बघू. चहात साखरेऐवजी टाकतात त्या बारीक पांढऱ्या गोळ्या त्यांनी डबीत भरल्या. घरातही एक कोरी नळी लावली, असं मनाशी म्हणून ते गालात हसलेही होते.

ताईने चार रात्री येरझाऱ्या घातल्या होत्या. हात थरथरून चहा बशीत सांडत होता. सवयीचे चोचले, दोन दिवसांत जातील, असं काकांनी स्वतःला समजावलं होतं. मॅडमची ही वाक्यं त्यांच्या कानांवरून सव्वीस वर्षांत कितीदा गेली असतील. पण त्यांचं सगळं लक्ष तेव्हा सेकंदकाट्यावर असायचं.

त्यांनी घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग नळ्या तशाच टाकून त्यांनी हातमोजे काढले आणि मुलींच्या देखतच मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. रुग्णवाहिका मी बोलावते, तुम्ही पळा, तिला कुशीवर वळवा आणि तोंडात काहीही घालू नका, एवढंच त्या म्हणाल्या.

घर दहा मिनिटांवर होतं. त्यांनी आपल्या किल्लीने दार उघडलं. ताई स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. सगळं अंग ताठ होऊन झटके देत होतं, डोळे पांढरे झाले होते. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला सदरा सरकवला आणि दुसरं काही करता येईना म्हणून सेकंद मोजायला लागले. दहा सेकंदांत काम उरकणाऱ्या त्या माणसाने एकशे नव्वदपर्यंत मोजलं. त्यानंतर तिचं अंग सैल पडलं. ती श्वास घेत होती.

संध्याकाळी रुग्णालयात ताई शुद्धीवर आली. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी बंद कुणी केली.

"मीच," ताई म्हणाली. "कंटाळा आला होता."

काकांना गप्प राहता आलं असतं. "नाही," ते म्हणाले. "मी बदलली. तिला न सांगता."

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. कागदावर बराच वेळ लिहीत राहिल्या. गोळी आजपासून पुन्हा सुरू करायची आणि काही महिन्यांत थोडी थोडी उतरवायची, असं सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

काका स्टुलावर बसून राहिले. माफी मागायची होती.

"ती गोळी कडू असते रे," ताई छताकडे बघत म्हणाली. "ही पहिल्या दिवसापासून गोड होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू देतोस म्हणजे बघूनच देत असशील, असं वाटलं."

परिचारिकेने गोळी आणून काकांच्याच हातात ठेवली. त्यांनी ती ताईच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. चौदा वर्षं ताई गोळी तशीच तोंडात टाकायची, कधी खाली बघायचीसुद्धा नाही.

"माझा चष्मा दे," ती म्हणाली.

त्यांनी पिशवीतून चष्मा काढून, काचा रुमालाने पुसून तिला दिला. तिने तो सावकाश डोळ्यांवर चढवला आणि गोळी दिव्यापाशी धरून एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या बाजूने. काका पाण्याचा पेला धरून उभे राहिले.