बाभळीखालची सिंहीण

शुक्रवारी दुपारी आमच्या कुवेतमधल्या सालमियाच्या घरी मंडळी जमली, केनियाच्या सफारीचे फोटो बघायला. मी पोहे केले होते. हरीश टीव्हीसमोर उभा राहून रंगात आला होता. नवरा माझा इंजिनियर, पण बोलायला लागला की कीर्तनकार.

"उजवीकडे, बाभळीखाली सिंहीण. सोबत दोन पिल्लं! फोटो काढेपर्यंत गवतात गडप."

"अय्या! केवढी होती गं पिल्लं?" शेजारच्या सुखदाने मला विचारलं.

मी चहाचं निमित्त करून आत गेले, कारण त्या बाभळीखाली काहीच नव्हतं.

हरीश तेलशुद्धीकरण कारखान्यात आहे. तिथे वायरलेसवर एकाने आकडा सांगितला की दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, तेव्हाच तो पोचला असं धरतात. ही शिस्त त्याने घरातही आणली. मी "दूध, कोथिंबीर" म्हटलं की तोही "दूध, कोथिंबीर" म्हणतो. लग्नापासून हा पोपट मी सांभाळते आहे. मीटर न बघता आकडा ठोकून देणाऱ्याला मात्र तो दारात उभं करत नाही.

त्याला काचबिंदू निघाल्यापासून थेंबांवर छान चाललंय, असं तो सांगायचा. मीही मानून घेतलं. डोळे गेले की नोकरी जाणार, नोकरी गेली की अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होणार आणि इथला संसार गुंडाळावा लागणार. पण सफारीच्या जीपमध्ये मी "डावीकडे, हत्ती" म्हणायची, तो "डावीकडे, हत्ती" म्हणायचा आणि भलतीकडेच बघून हसायचा. शेवटच्या सकाळी माझं डोकं फिरलं. रिकाम्या गवताकडे बोट दाखवून मी म्हटलं, "उजवीकडे, बाभळीखाली, सिंहीण. दोन पिल्लं."

"उजवीकडे, बाभळीखाली, सिंहीण. दोन पिल्लं," तो म्हणाला. "किती गोड आहेत गं!"

मला रडू आवरेना. डोळ्यात धूळ गेली म्हणून वेळ मारून नेली.

मंडळी गेल्यावर मी आमचा दोघांचा चहा ठेवला, तेव्हा हरीश दाराची चौकट चाचपत स्वयंपाकघरात आला.

"सुखदाला उत्तर नाही दिलंस," तो म्हणाला. "विजू, पिल्लं होती ना?"

होती म्हटलं असतं तर तो विषय तिथेच मिटला असता. पण रविवारपासून तो ड्यूटीवर जाणार होता, आणि तिथे चुकीचा आकडा गेला तर माणसं भाजतात.

"नव्हती," मी म्हटलं. "सिंहीणही नव्हती. मी खोटं सांगितलं होतं."

तो ओट्याचा काठ धरून उभा राहिला. रागावेल असं वाटलं, पण रागावला नाही. मग कारखान्यात बोलतो त्या आवाजात हळूच म्हणाला, "पिल्लं नव्हती. सिंहीणही नव्हती."

चहा उतू गेला तरी मी हलले नाही.

"रविवारी कंपनीत सांगतो," तो म्हणाला आणि थांबून राहिला. कशासाठी थांबलाय ते मला कळत होतं. मी गॅस बंद केला, त्याचा हात हातात घेतला.

"रविवारी," मी म्हटलं. "कंपनीत सांगायचं."