न दुखणारी जखम

पडद्याआडून कांडीबाबांचा आवाज घुमला, "दुखतंय का रे?"

"नाही, बाबा!"

"मोठ्यानं बोल!"

"अजिबात नाही!"

गोदामात दाटीवाटीने बसलेल्या पुरुषांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गुप्त जागेच्या जखमेला मंतरलेली तांब्याची कांडी टेकवली की वेदना कांडीत शिरते, अशी बाबांची ख्याती होती. शेजारच्या लॉन्ड्रीतले कामगार तर त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. तिथे रोज कुणीतरी वाफेने पोळायचा. जखम म्हटली की ठणका आलाच. न दुखणारी जखम म्हणजे त्यांच्या लेखी साक्षात चमत्कार!

लॉन्ड्रीतला इस्त्रीवालाही या कांडीखालून गेला होता. महिन्याभरात जखम भरली. बाबांनी बजावलं होतं, "कुणापाशी बोललास तर वंश बुडेल. आणि सुईवाल्या डॉक्टरांच्या वाटेला जायचं नाही."

त्याची बायको गरोदर होती. तो तोंड शिवून बसला. तिची रक्ततपासणीही काहीबाही सांगून टाळत राहिला.

मग तिच्या तळहातांवर तांबूस डाग उठले. खाजत नव्हते, दुखत नव्हते.

"धुण्याच्या सोड्यानं झाले असतील," ती म्हणाली.

तेच डाग तिच्या तळपायांवर दिसले, तेव्हा त्याने बाबांना गाठलं. पाय कुठे सोड्यात बुडतात?

बाबा म्हणाले, "विष बाहेर पडतंय. शुभ आहे!"

बोलावं तर बाळाचा घात, गप्प बसावं तर डोळ्यांसमोर ते डाग. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, आज पोटातलं फारसं हलत नाहीये."

तो तिला घेऊन दवाखान्यात धावला. बाळाचे ठोके नीट होते. डॉक्टरबाईंनी मात्र तिचे तळहात बराच वेळ निरखले आणि त्याला एकट्याला आत बोलावलं.

"मला मागे... एक जखम झाली होती," तो कसंबसं बोलला. "बाबांनी कांडी लावून वेदना काढून घेतली."

"कांडी लावण्याआधी दुखत होती?"

तो आठवू लागला. नव्हती. म्हणून तर त्याने आधी लक्षच दिलं नव्हतं.

"ही जखम मुळात दुखतच नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते. बाबानं फक्त वाट पाहिली. हा सिफिलिस, लोक गरमी म्हणतात. जखम जाते, डागही जातात, जंतू रक्तात राहतात. जोडीदाराला लागतात, पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. बाळ दगावूही शकतं."

"म्हणजे वंश बुडायला..."

"तुमचं गप्प बसणं पुरेसं होतं. अजून वेळ गेलेली नाही. दोघांचं रक्त तपासू, पेनिसिलिन देऊ. बाळ जन्मलं की त्याचंही तपासू. बायकोला तुम्ही सांगता की मी?"

"मीच सांगतो."

त्याने सांगितलं. तिने आपला हात सोडवून घेतला. तपासणीत दोघांनाही आजार निघाला. "आधी सुई द्या," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. त्याच्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. पुढेही कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाला लॉन्ड्रीत उभा राहिला.

"काय रे, भाषण का?" कुणीतरी खिजवलं.

"हसा खुशाल. बाहेर गेलो ती चूक माझी, निरोध वापरला नाही हीसुद्धा. पण बरा झालो असं मानून घरी आजार नेला, ती सगळ्यात मोठी. जखम भरली म्हणजे आजार गेला असं नाही. दुखो न दुखो, रक्त तपासा. बायकोलाही न्या. उपचार पुरे होईपर्यंत लांब राहा. आणि कुणी म्हणालं, बोलू नकोस, तर त्याला विचारा, का?"

चादरींच्या घड्या घालणारा मान वर न करताच म्हणाला, "दवाखाना उघडतो कधी?"