दातांची बाजू

चतुराबाईनं तो काळा प्लग दोन बोटांत धरून डोक्याइतका वर नेला आणि दुकानाच्या शहाबादी फरशीवर सोडून दिला. खाट्‌कन आवाज झाला. कडेचा एक टवका उडून गल्ल्याखाली गेला.

"ये बाई! येडी झाली का?" शेठ खुर्चीतून अर्धा उठला. "आता हा घ्यायचा कोणी?"

"फुटतो का ते पायलं," चतुराबाई म्हणाली. "आमच्या दरडीला सगळा दगूड हाय. तिथं ह्यो दिसातून दोनदा पडणार. दुसरा दाखवा."

नवीन जालन्यातलं, स्टेशनच्या रस्त्यावरचं मोटरींच्या सामानाचं दुकान होतं ते. बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. पायरीवर उभ्या असलेल्या संपतला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रामरावांचा मोटर मेकॅनिक. पंचक्रोशीतल्या मोटरी तोच बांधायचा आणि आज त्याला एका मासेवालीमागं दुकानात यावं लागलं होतं.

"शेठ, हिचं काय ऐकून राह्यले? काळाच द्या दुसरा. मालकानं मला धाडलंय."

"तुला वायर आणाया धाडलंय," चतुराबाई मागं न बघता म्हणाली. "प्लग माह्या पसंतीचा. मालकाचा अन् माहा तसा बोल झालाय."

बोल झाला होता हे खरं. पैठणच्या धरणानं पाणी अडवल्यापासून गोदावरी उन्हाळ्यात नुसत्या डोहापुरती उरायची. काठापासून डोहापर्यंत दीडशे पावलं वाळू आणि खडक. रामरावांचा दहा एकर ऊस त्या डोहाच्या जिवावर उभा होता. मोटर काठावर ठेवली तर पाणी ओढायची नाही. म्हणून ती नावेत बसवून डोहात न्यायची आणि खांबावरून केबल सोडायची. डोहात नावा दोनच. एक चतुराबाईची, रुंद आणि कोरडी. दुसरी तिच्या दिराची, अप्पारावाची, अरुंद आणि झिरपणारी. चतुराबाईची नाव पहाटे जाळ्याला लागायची, म्हणून केबल रोज सोडायची आणि रोज जोडायची. मागच्या साली तो जोड म्हणजे वायरींना पीळ देऊन वर गुंडाळलेली चिकटपट्टी होती. त्या जोडानं चतुराबाईच्या नवऱ्याचा, धर्मराजचा, उजवा हात नेला.

लाइन गेलेली होती. संपतनं खांबावरचा खटका पाडला नव्हता. धर्मराजनं केबल पाण्यातून वर घेतली आणि नेमकी त्याच वेळी लाइन आली. तीन आठवडे दवाखान्यात राहून तो जगला, पण हात कोपरापासून वाळत गेला आणि बोटं आत वळली.

यंदा रामरावांनी दोन पोती ज्वारीच्या बोलीवर पुन्हा नाव मागितली तेव्हा चतुराबाईनं एकच अट घातली. जोडाला प्लग पाहिजे, आणि तो मी निवडणार.

शेठनं आतून एक लोखंडी प्लग आणून गल्ल्यावर आपटला. "घे. हा टाक आता. फरशी फुटली तर मात्र तुझ्या घरी येईन."

तिनं तोही टाकला. फरशीला पांढरा ओरखडा पडला, प्लगला काही झालं नाही. मग तिनं त्यात वायरीचा तुकडा बसवून मागितला. शेठनं चडफडत स्क्रू आवळले. चतुराबाईनं प्लग पायाखाली दाबला आणि वायर दोन्ही हातांनी, जाळं ओढावं तशी ओढली. वायर हलली नाही. आतल्या पट्टीनं ती गच्च धरली होती.

"ह्यो एक दात लांब कामून?" तिनं चार पिनांमधल्या एकीवर बोट ठेवलं.

"अर्थिंगचा आहे. आधी लागतो, शेवटी सुटतो." शेठला आता ती बाई दुकानाबाहेर हवी होती. "आणि नीट ऐक, पुन्हा येऊन डोकं खाऊ नको. भोकाचा भाग लाइनीकडं, दाताचा भाग मोटरीकडं. उलटं लावलं तर उघड्या दातात करंट राहतो. हात लागला की माणूस गेला. कळलं? जा आता."

संपत तेव्हा टपरीवर बिडी पेटवत होता.

एसटीत तो तिच्यापासून चार बाकडी पुढं बसला. केबलचं वेटोळं तिच्याच मांडीवर होतं. अंबड गेल्यावर त्यानं एकदाच मान वळवली. "गावात सांगू नको फरशीचं. लोक मला हसतील."

"हसू दे," ती म्हणाली. "हसल्यानं कोनाचा हात वाळत न्हाई."

दोन दिवसांनी सकाळी मोटर दरडीवर आली. चतुराबाई पहाटेचं जाळं काढून नाव काठाला लावत होती. टोपलीत एक हातभर लांबीची मरळ अजून शेपूट आपटत होती. ती दरड चढून वर आली तेव्हा संपतचं काम झालं होतं. खांबावरच्या लाकडी फळीवर खटका होता आणि त्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला, दगडाला टेकून, लोखंडी प्लग पडला होता. त्याचे चार पितळी दात उन्हात चमकत होते.

चतुराबाई जागीच थांबली.

"संपत, ह्ये उलटं लागलंय. दाताची बाजू मोटरीकडं पाहिजे."

"तू मला शिकवती?" संपतनं पक्कड पिशवीत टाकली. "पंधरा साल झाले मोटरी बांधून राह्यलो. इकडून काय अन् तिकडून काय, करंट सारखाच."

"शेठनं सांगितलंय."

"मंग शेठलाच बोलाव बांधाया."

रामराव लिंबाच्या सावलीत बाजेवर बसले होते. भोवती उसात काम करणारे चार-पाच गडी होते. अप्पारावही तिथंच होता, विडीचं थोटूक बोटांत फिरवत. रामरावांनी आवाज चढवला. "चतुरा, प्लग पाहिजे म्हणली, प्लग दिला. लोखंडी पाहिजे म्हणली, लोखंडी दिला. आता दातं मोजत बसती का? ऊस जळून राह्यला माहा. मोटर चढव नावंत."

"न्हाई चढवत, मालक."

"वैनीला मोटर नकोच हाय," अप्पाराव म्हणाला. "नुसता तमाशा पाहिजे चार मानसांत."

गडी हसले. चतुराबाईचा चेहरा तापला. ती दरड उतरून टोपलीपाशी गेली, मरळ उचलली, वाळत घातलेल्या जाळ्याची सुकी दोरी तिच्या कल्ल्यातून ओवली आणि दोरीचं दुसरं टोक एका सुक्या बांबूला बांधलं. वर येऊन तिनं रामरावांना विचारलं, "खटका चालू हाय का बंद?"

उत्तर संपतनं दिलं. "चालू हाय. टेस्टर लावून पायलं म्या. कामून?"

"अन् असाच चालू ठिवून तुमी बिडी वढत बसले," ती म्हणाली. तिनं बांबू लांब धरला आणि मासा त्या चार दातांवर सोडला.

चर्रर्र झालं. मरळ धनुष्यासारखी ताणली गेली, दोनदा उडून पडली आणि तिसऱ्यांदा पडली ती तशीच राहिली. तिच्या पोटाला काळे डाग पडले होते. जळलेल्या कातडीचा वास सावलीपर्यंत आला. गड्यांमधला एक जण मागं सरकताना बाजेला अडखळला. अप्पारावाच्या हातातलं थोटूक खाली पडलं.

"आता यात कोनी हात घालावा म्हणता, मालक?" चतुराबाईनं विचारलं. "मी घालू, का तुमचा संपत घालतो?"

रामराव उठले. आधी त्यांनी माशाकडं पाहिलं, मग गड्यांकडं पाहिलं. गडी त्यांच्याकडंच बघत होते. त्यांनी दोन पावलं टाकून संपतच्या कानशिलात ठेवून दिली.

"पाड खटका. उलटं कर ते."

संपतनं खटका पाडला. खाली बसून तो स्क्रू उघडू लागला. त्याचा गाल लाल झाला होता आणि स्क्रू-ड्रायव्हर सारखा घसरत होता. अर्ध्या तासात काम झालं. चतुराबाईनं वाकून पाहिलं. आता लाइनीच्या टोकाला नुसती भोकं होती, बोट जाणार नाही अशी, आणि दात मोटरीच्या वायरीला होते.

"बराबर हाय," ती म्हणाली. "चला मालक, चढवा मोटर. नाव लावून ठिवली मी."

"तुही नाव न्हाई लागत मला," रामराव म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही.

"माह्या खांबाखाली, माह्या गड्यांसमोर मला शहाणं करणारी नाव नको. अप्पा, तुही नाव झिरपती ना? डांबर देतो, दुपारपर्यंत लाव. मोटर तुह्या नावंत बसंल."

"जी," अप्पाराव म्हणाला. वहिनीकडं न बघता तो दरड उतरला.

चतुराबाईनं काळी पडलेली मरळ दोरीतून सोडवली आणि नदीत फेकली. कावळे तिथंच बसले होते.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. धर्मराज भिंतीला टेकून बसला होता. तिनं आमटी-भाकर वाढली तशी त्यानं डाव्या हातानं ताटली ढकलली. ताटली चुलीवर जाऊन आपटली.

"दोन पोते जवारी गेली. वर्साची जवारी. कामून? तुला मानसांत मिरवायचं व्हतं म्हणून."

"मिरवलं न्हाई मी. हात लागला असता तर..."

"माहा लागला तवा कुठं व्हती तुही अक्कल?" तो ओरडला. "म्या घेत नव्हतो ती केबल वर. तूच वरडली. जाळं अडकून राह्यलं, वर घ्या, जल्दी घ्या. तूच म्हणली का न्हाई? सांग, म्हणली का न्हाई?"

"म्हणले," चतुराबाई म्हणाली.

हे दोघांनाही ठाऊक होतं. वर्षभरात तोंडानं कुणी काढलं नव्हतं इतकंच. आज काढल्यावर मात्र धर्मराजला थांबता येईना. तिच्या माहेरावर गेला, तिच्या जिभेवर गेला. पुढच्या जन्मी असली बायको नको म्हणाला. ती सांडलेली आमटी फडक्यानं पुसत राहिली. मोठ्यांदा रडावं असं तिला फार वाटलं. पण पाठ त्याच्याकडं होती आणि ती हललेली त्याला दिसली असती.

तिसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली. अप्पारावाची नाव डोहाच्या मधोमध उभी राहिली. आवाज सगळ्या पाण्यात घुमायचा आणि मासे पार खालच्या खडकांपर्यंत निघून जायचे. चतुराबाईला आता दुप्पट लांब वल्हवावं लागे. जाताना तिची नाव दिराच्या नावेपासून पंधरा हातांवरून जायची. तो दुसरीकडं बघायचा, ती जाळ्याकडं बघायची. गावात म्हणणारे म्हणत, मोठीला धाकट्याचं बरं बघवत नाही.

आठवड्यानं, दिवस कलता कलता, ती खालच्या खडकाशी जाळं झाडत असताना काठावर तिची जाऊ येऊन उभी राहिली. द्वारकाबाई, अप्पारावाची बायको. वाटणीत भांडणं झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. द्वारकाबाई पदर तोंडावर धरून उभी होती.

"काय?" शेवटी चतुराबाईनंच विचारलं.

"त्ये काढाया भेतात," द्वारकाबाई नदीकडं बघत म्हणाली. "संध्याकाळी परलग काढाया. तो मासा पायल्यापासून. संपतला इचारलं तर त्यो शिव्या देतो. मालकाला इचारायची सोय न्हाई. मला म्हणले न्हाईत, मीच आले."

चतुराबाई जाळं झाडत राहिली. एक बारीक मासा सुटून पाण्यात पडला. तिला वाटलं, भिऊ दे. रोज संध्याकाळी भिऊ दे त्याला. मग तिनं जाळं खाली ठेवलं.

"पैले नावंतली मोटर बंद करायची. मंग वर जाऊन खांबावरचा खटका पाडायचा. सोता पाडायचा, दुसऱ्यावर इसंबायचं न्हाई. मंग धडुत्यानं हात कोरडे करायचे. मंग प्लग वढायचा. वायरीला धरून न्हाई, लोखंडाला धरून. लाइन गेली असली तरी खटका पाडायचाच. म्हण."

"पैले मोटर," द्वारकाबाई म्हणाली. "मंग खटका. मंग हात कोरडे..."

"सोता पाडायचा."

"सोता पाडायचा. मंग लोखंडाला धरून."

"पुन्हा म्हण."

द्वारकाबाईनं पुन्हा म्हटलं. या वेळी एकही चुकलं नाही.

"पायात काय असतं त्येच्या?"

"काय असनार? कायबी न्हाई."

चतुराबाई वाकली. नावेच्या टोकाशी, पाण्याचं भांडं ठेवायच्या फळीखाली धर्मराजच्या रबरी चपला होत्या. जाड तळाच्या, जालन्याच्या बाजारातून घेतलेल्या. वर्षभरात त्या कुणी घातल्या नव्हत्या आणि तिनं त्या नावेतून काढल्याही नव्हत्या. तिनं पदरानं त्यांच्यावरची खवलं पुसली आणि चपला एकेक करून काठावर फेकल्या.

एक सरळ पडली, एक पालथी. द्वारकाबाईनं दोन्ही उचलल्या. चतुराबाईनं तोवर बांबू खडकाला टेकून नाव पाण्यात लोटली होती. वरच्या अंगाला मोटर बंद पडल्याचा आवाज आला, तशी द्वारकाबाई चपला छातीशी धरून दरडीकडं पळत सुटली.