बाजारतळावरचं कुलूप

भोरवणच्या बाजारतळावर बायकांसाठी एक गुलाबी स्वच्छतागृह आहे. भिंतीवर पदर घेतलेली हसरी बाई रंगवलीय, तिच्या शेजारी स्वच्छतेचा उपदेश लिहिलाय, आणि दाराला हे भलंमोठं कुलूप. कुलूप का, तर म्हणे बायका घाण करतात. किल्ली नगरपंचायतीच्या ऑफिसात. म्हणजे बुधवारच्या बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईने माल तसाच टाकून ऑफिस गाठायचं, शिपायाला शोधायचं, चार पुरुषांसमोर किल्ली मागायची आणि मग मोकळं व्हायला जायचं, असा हा कारभार! संजनाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती त्या शिपायावरच कडाडली होती. तिच्याबरोबर आलेल्या आल्हादने तिला कसंबसं बाहेर काढलं.

संजना नाशिक रोडची. वडील तिथल्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. अन्याय दिसला की तोंड मिटून बसायचं नाही, हे तिला घरातूनच मिळालेलं. विद्यापीठात लोकप्रशासनाचं एम.ए. करताना यंदा दोघादोघांच्या गटाला एकेक नगरपंचायत वाटून दिली होती. तिथला एक प्रश्न घ्यायचा, अभ्यास करायचा, अहवाल द्यायचा, आणि त्या अहवालावर नगरपंचायत धोरण ठरवणार. संजना आणि आल्हादच्या वाट्याला निफाडच्या पुढचं भोरवण आलं आणि संजनाने विषय घेतला तो त्या कुलपाचा. आपल्या लिहिण्याने ते निघणार, याची तिला पक्की खात्री होती.

प्रश्नावली विभागात बसून तयार झाली. 'बाजाराच्या दिवशी तुम्हाला स्वच्छतागृहाची गरज भासते का?' हा प्रश्न त्यांच्या मार्गदर्शक तृप्ती मॅडमनी स्वतः घातला होता. बाजारात पहिल्याच बाईने उत्तर दिलं, "नाय." दुसरीही नाय म्हणाली, तिसरीही. मेथीच्या जुड्या लावत बसलेल्या सुलाबाईंपाशी पोचेपर्यंत संजना चक्रावून गेली होती.

"मावशी, दिवसभर इथे बसता आणि गरजच पडत नाही?"

"कशी पडंल? सकाळी घोटभर चहा, मंग घरी जाईस्तोवर पाण्याचा थेंब नाय. पेलं तर लागंल ना!" सुलाबाई हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुतखडा झालाय मला. डाक्टर म्हणतो, लय पाणी पी. त्याला काय जातंय म्हणायला! तू तेवढं कुलूप काढून दे पोरी, मंग पिते."

"देते काढून," संजना म्हणाली आणि शब्द देऊन बसली.

त्याच दिवशी तिने मॅडमना फोन केला. प्रश्नच चुकलाय, बदलू या. मॅडम म्हणाल्या, निम्म्या मुलाखती झाल्यावर प्रश्न बदलला तर सगळा सर्व्हे बाद होईल. पद्धत म्हणजे पद्धत. तळटीप टाक. संजनाने धुसफुसत टाकली. बायका तहान मारून बसतात म्हणून त्यांना गरज पडत नाही, ही अख्ख्या अहवालातली लाखमोलाची गोष्ट अशी पानाच्या तळाशी, भिंग लावून वाचावी इतक्या बारीक अक्षरात जाऊन पडली.

अहवाल सादर करायचा दिवस नेमका बुधवारच निघाला. संजनाने बाजारात जाऊन सुलाबाईंना आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मैनाबाईंना आग्रह केला. आज कुलपाचा निकाल लागेल, चला. दोघींनी आपापल्या पाट्या शेजारणीवर सोपवल्या आणि नगरपंचायतीच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत येऊन बसल्या.

आणि मग सुरू झाले सत्कार. आपल्याकडे एखाद्या प्रश्नाला हात लावायचा नसला की आधी सगळ्यांना शाली घालतात. मुख्याधिकाऱ्यांनी नगराध्यक्षांचा सत्कार केला, नगराध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांचा. मग तृप्ती मॅडमचा झाला, मग देणगीदारांचा, मग खुर्च्या पुरवणाऱ्या मंडपवाल्याचा. इतक्या शाली आणि नारळ वाटून झाल्यावर सूत्रसंचालकाने हात जोडले. वेळेअभावी विद्यार्थ्यांनी अगदी थोडक्यात बोलावं, ही विनंती. ज्यांच्या कामासाठी हा सोहळा, त्यांनाच वेळ नाही!

संजनाने तोंड उघडलं न उघडलं तोच मुख्याधिकारी म्हणाले, "प्रस्तावना नको बेटा, निष्कर्ष दाखवा, निष्कर्ष." आल्हादने घाबरून तक्ता पडद्यावर लावला. ऐंशी टक्के महिला: गरज भासत नाही. तळटीप पडद्यावर मावलीच नव्हती.

"वा!" मुख्याधिकारी उठून उभे राहिले. "तरुण पिढीने शास्त्रशुद्ध पद्धतीने दाखवून दिलंय, की आमच्या भगिनींना याची गरजच नाही. मग मोक्याची जागा कशाला अडवायची? ते बांधकाम पाडून तिथे आपण 'आय लव्ह भोरवण' असा सेल्फी पॉइंट उभारतोय!"

टाळ्या कडाडल्या. नगराध्यक्षांनी संजनाच्या खांद्यावर शाल टाकली, फोटोवाल्याने हसा म्हणून खूण केली. संजनाच्या अंगाची लाही लाही झाली. आपण शब्द दिला होता कुलूप काढायचा, आणि आपल्याच तक्त्याने हे लोक अख्खी खोली पाडताहेत. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हातानेच शांत राहा म्हटलं. ते बघून ती आणखीच पेटली आणि तिने सूत्रसंचालकाच्या हातातून माईक ओढून घेतला.

"थांबा! बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, साहेब. तुमच्या कुलपापायी! म्हणून गरज नाही म्हणतात. सुलामावशी, इकडे या, तुम्हीच सांगा यांना."

सुलाबाई उठल्या, मैनाबाईंना हाताला धरून व्यासपीठावर आल्या, आणि समोरची गर्दी बघून पदर सावरत संजनाच्या आड उभ्या राहिल्या. मुख्याधिकारी मात्र मुरलेले. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलून प्रेमाने पुढे केली. "या ताई. घाबरू नका. आधी पाणी घ्या."

"नको सायेब," सुलाबाई सवयीने म्हणून गेल्या.

"बघा!" मुख्याधिकारी हॉलकडे वळले. "आम्ही पाणी हातात देतोय, पण यांनाच नको. आता यात प्रशासनाने काय करायचं?"

हॉल खो खो हसला. तृप्ती मॅडमसुद्धा हसल्या. संजनाच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. इतकं शिकून, इतकं लिहून, सगळं या एका हसण्यात वाहून गेलं.

सुलाबाईंनी त्या हसणाऱ्या हॉलकडे पाहिलं. मग संजनाकडे पाहिलं. मग साहेबांच्या हातातली बाटली हिसकून घेतली, मान मागे टाकली आणि घटाघटा अख्खी रिकामी केली. "मैने, तू बी पी," त्या म्हणाल्या. मैनाबाईंनी नगराध्यक्षांपुढची बाटली उचलली.

सुलाबाई व्यासपीठावरच्या एका गुबगुबीत खुर्चीत मांडी घालून बसल्या. "पेले पाणी, सायेब. आता घटकाभरात लागंल. किल्ली आना, नायतर मी हितनं हालत नाय. मंग इथंच काय व्हायचं ते होऊ द्या."

हसणं कुठल्या कुठे गेलं. फोटोवाला तेवढा फोटो काढत राहिला. मुख्याधिकाऱ्यांनी घाम पुसला आणि दारातल्या शिपायावर खेकसले, "बघतो काय? जा, किल्ली आण!"

शिपाई गोंधळून जागच्या जागी उभा राहिला. "पन साहेब, किल्ली सेल्फी पॉइंटच्या ठेकेदाराला दिली ना. तुम्हीच तर सांगितलं, काल."

"काल?" संजना म्हणाली. माईक तिच्याच हातात होता, ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "अहवाल तर आम्ही आज आणलाय, साहेब."

सुलाबाईंनी खुर्चीत बूड आणखी घट्ट केलं आणि हात पुढे केला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "अजून एक बाटली दे."