लाल नळाचं गार पाणी

मित्रांनो, शारजातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात आडवा पडलेला, पोट गंजलेला मी एक गिझर आहे. पाणी तापवणं हा माझा धंदा. पण आमच्या घरात माझं नाव निघतं ते मी एकदा पाणी गार ठेवलं म्हणून. हसू नका, आधी सगळं ऐकून घ्या.

माझं आयुष्य एका बाथरूमच्या छताआड गेलं. खाली शैलेंद्र, सुनेत्रा आणि त्यांची दहा वर्षांची शुभ्रा राहत. मला दिसायचं थोडं, ऐकू मात्र सगळं यायचं. हिवाळ्याचे दोन महिने माझा थाट काय सांगू! सकाळी डोळे उघडले की सगळ्यांना आधी माझी आठवण. उन्हाळा लागला की माझं बटण बंद. मग गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की निळ्या नळाखाली हात धरवत नसे. अशा वेळी इथली सगळी घरं करतात तेच सुनेत्रा करायची. एसीच्या गारव्यात माझ्या जाड अस्तराच्या पोटात निवलेलं पाणी लाल नळाने घ्यायची. तापवणाऱ्याकडे गारवा मागायचा, असा हा उलटा मुलूख.

दोन हजार आठ सरता सरता मंदी आली. शैलेंद्रचा मित्र सुजीत दुबई मरीनात राहायचा. त्याची नोकरी गेली आणि तो पुण्याला परत निघाला. जाताना त्याने आपली काचेची टाकी आमच्या हॉलमध्ये आणून ठेवली. तिच्यात दोन समुद्रघोडे होते. एक शेपटीने गवताला धरून तासन्‌तास जागचा हलत नसे, म्हणून शुभ्राने त्याचं नाव ठेवलं यल्ला, म्हणजे अरबीत 'चल, लवकर!' दुसरा हबीबी.

सुजीतने तिला बजावलं होतं, पाणी चोवीसच्या आसपास हवं. सव्वीसच्या वर गेलं की त्यात रोग वाढतो आणि हे जीव टिकत नाहीत. एकदम गारही करायचं नाही, तोही धक्का त्यांना सोसत नाही. "मी परत येणार आहे," तो म्हणाला. "तोवर सांभाळशील?"

"प्रॉमिस, अंकल," शुभ्रा म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात शैलेंद्रचंही ऑफिस बंद पडलं. घरातलं हसणं आटलं. व्हिसाची मुदत संपत आली होती आणि हाती एकच इंटरव्ह्यू उरला होता. नेमकी आदल्या संध्याकाळी बिल्डिंगची वीज गेली. सकाळपर्यंत एसी मुका, टाकी थंड ठेवणारं यंत्र मुकं, फ्रिजमधला बर्फ वितळून गेलेला.

"बाबा, ट्वेंटी-सेव्हन," शुभ्रा टाकीतल्या तापमापीवरचा आकडा वाचत म्हणाली. "इट्स गोइंग अप."

सुनेत्राच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात समोरच्या घरातली शेजारीण ताजबी आली. ती मूळची रत्नागिरीची, वीस उन्हाळे इथे काढलेली. तिने स्टुलावर चढून माझ्या पोटाला हात लावला.

"अजून गार आहे," ती म्हणाली. "बाटल्या भरा, झाकणं घट्ट लावा नि टाकीत तरंगत ठेवा. तापल्या की बदला. पण यातलं जेवढं काढाल तेवढं वरचं कढत पाणी आत येणार. म्हणून आज या पाण्यात आंघोळबिंगोळ खलास."

खांद्यावर टॉवेल टाकून शैलेंद्र दारातच उभा होता. त्याला तासाभरात दुबईच्या रस्त्याला लागायचं होतं. त्याने एकदा मुलीकडे पाहिलं आणि निळ्या नळाखाली बादली सरकवली.

"मी शिजलो तरी चालेल," तो म्हणाला. "ते घ्या तुम्ही."

लालबुंद होऊन, इस्त्री न केलेल्या शर्टावर टाय बांधून तो गेला. इकडे दुपारपर्यंत बाटल्या भरल्या, टाकीत सोडल्या, पुन्हा भरल्या. प्रत्येक बाटलीसरशी कढत पाण्याची धार माझ्या पोटात शिरायची. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की आज मला तापवू नकोस.

दुपारी वीज आली. सुजीतचा पुण्याहून फोन आला तेव्हा शुभ्रा रडत हसत सांगत होती, "ट्वेंटी-सिक्स, अंकल. बट दे आर ओके." आणि पंधरवड्याने शैलेंद्रला ती नोकरी मिळाली, पगार कमी का असेना. त्या रात्री घरात गोडाचा शिरा झाला.

दोन वर्षांनी सुजीत खरंच परत आला, घोडे न्यायला. बादली घेऊन शुभ्रा त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने विचारलं, पाणी किती डिग्री आहे? तिने तापमापीकडे न बघता काचेला तळवा लावला आणि सांगितलं, चोवीस. सुजीतने तापमापी पाहिली. मग तिच्या हातातली बादली काढून खाली ठेवली.

"राहू देत. यल्लाला आता कुठे हलवणार?"

त्यालाही वर्षं झाली. मी गळू लागलो आणि माझ्या जागी झटपट तापवणारं नवं यंत्र आलं. दिसायला देखणं आहे, पण त्याच्या पोटात घोटभरही पाणी राहत नाही. गरज सरो वैद्य मरो, असं मी मनाशी म्हणालोच होतो. तोच कॉलेजातून आलेल्या शुभ्राने मला नेणाऱ्या माणसांना थांबवलं आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

"आई, इट्स स्टिल कूल."

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुनी वस्तू दाराबाहेर काढण्याआधी तिला एकदा असा हात लावा. आम्हाला तेवढं आयुष्यभर पुरतं.