आप्पांच्या तळहातानं निवडलेला

मी सुरतेतल्या डिंडोलीच्या गेमघरातला कम्प्युटर बोलतोय. खिडकीजवळच्या टेबलावरचा, पांढऱ्या डब्याचा. आवाज जरा घरघरतो, पण ऐकून घ्या. बढाई मारण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे आणि आज मी ती मारणार आहे.

माझा जन्म सुरतेत, रिंगरोडवरच्या एका दुकानात झाला. कारागिरानं आतला माल चोख घातला. खेळातली चित्रं झरझर पळावीत म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं. डबा मात्र दिला कोपऱ्यात चेपलेला. आता लग्नाच्या बाजारात अशा नवरदेवाचं जे होतं तेच माझं झालं. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि शेजारच्याकडे वळायचं. शेजारी होता एक उंचापुरा, निळ्या पट्टीचा, लाल-हिरव्या दिव्यांचा.

१९९८ सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुकलालआप्पा आणि त्यांची लेक वर्षा दुकानाची पायरी चढले. आप्पा उधन्याच्या कारखान्यात कापड विणायचे लूम दुरुस्त करणारे मास्तर. वीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि कान गमावून बसले. डॉक्टर म्हणाले, लूम सोडा, नाहीतर उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल. तेव्हा घरापुढे दोनच वाटा राहिल्या. एक तर वर्षानं पुढच्या खोलीत तासावर पैसे घेऊन पोरापोरींसाठी गेमघर काढायचं, नाहीतर गाठोडं बांधून धुळ्याकडच्या गावी परत जायचं. कारखान्यातून निघताना आप्पांना जे मिळालं त्यात एकच कम्प्युटर बसत होता. तो चुकला तर सुरत सुटली, एवढा साधा हिशोब होता.

वर्षानं उधन्यात कम्प्युटरचा क्लास केलेला. सुटे भाग आणून जोडायला तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून तयारच घ्यायचा हे तिनं ठरवलं होतं. कागदावर प्रश्न लिहून आणलेले. ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का? मेमरी पुढे वाढवता येईल का? दुकानदार मात्र हसत हसत त्या उंच्यापुऱ्याकडेच बोट दाखवी.

"आ लई जाओ, बेन. फर्स्ट क्लास पीस छे."

वर्षानं दोघांवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावायला सांगितला. पाच मिनिटं दोघेही छान पळालो. दुकानदार बिलबुक काढायला लागला. तेवढ्यात आप्पा, बहिरी माणसं बोलतात तसे, मोठ्यानं म्हणाले, "थांब वर्षा. पहिला अर्धा तास तं कोनतंबी मशीन गोड चालस."

त्यांनी स्टूल ओढलं, आमच्या मधोमध बसले, आणि एक तळहात त्याच्या पाठीवर, एक माझ्या पाठीवर ठेवला. लूमची तब्येत ते अशीच बघायचे. कान गेले तसा हात आणखी शहाणा झाला होता.

"काका, आ कम्प्युटर छे, लूम नथी," दुकानदार म्हणाला. नोकरही हसले. आप्पांना ऐकू आलं नाही. वर्षाला आलं, पण ती खेळत राहिली.

पाऊण तास झाला. शेजाऱ्याचं अंग तापलं, धडधड वाढली आणि भर शर्यतीत त्याच्या पडद्यावरची गाडी जागच्या जागी गोठली. बडा घर पोकळ वासा! माझी गाडी पळतच होती. आप्पांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "हाऊ चालीन." हा चालेल! इतक्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडल्यावर कुणी मला निवडलं होतं. त्या क्षणी मला माझा चेपलेला कोपराही आवडला.

घरी आप्पांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं दारात रांग लावू लागली. माझ्यावर शर्यत लागली की घर नुसतं दणाणून जायचं.

पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आप्पांनी केलंच. लूम मास्तरची सवय अशी की सकाळी मशीन सुरू करायच्या आधी त्याला तेल पाजायचं. वर्षा पाणी भरायला गेली की आप्पा माझी पाठ उघडायचे आणि कुपी तिरपी करून पंख्यात चांगली धार सोडायचे. मागच्या गल्लीत लूमचा कारखाना, तिथला रुवा, सुताचे बारीक तंतू, हवेतून आमच्या घरात यायचा. त्या तेलावर तो बसत गेला आणि आठव्या दिवशी, खोली पोरांनी गच्च भरलेली असताना, माझा पंखा जाम झाला. मी तापलो आणि बंद पडलो.

पोरं हिरमुसून निघून गेली. वर्षानं मला दुकानात न्यायला उचललं, तेव्हा पाठीवरचं गॅरंटीचं लेबल फाटलेलं तिला दिसलं. लेबल फाटलं की दुकानदार हात लावणार नव्हता. तिनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी तेलाची कुपी तिच्यापुढे ठेवली.

"मनीच चूक शे. लूमले टाकस तसं टाकं."

बोचकं बांधावं लागणार आणि तेही आपल्या हातानं, हे त्यांना कळलं होतं. वर्षा रागावली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. पण ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आप्पा, तुमनाच हातनी निवडेल शे. आते तुमीच उठाडा त्याले."

आप्पा मांडी घालून बसले. पंखा काढला, चिंध्यांनी पुसला, पात्यांच्या मुळाशी अडकलेला रुवा सुईनं उपसला. मग काडीच्या टोकावर तेलाचा एकच थेंब घेतला आणि आसाला लावला. बटण दाबल्यावर त्यांनी पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले. पंखा फिरला. मी सांगतो, त्या दिवशी मी मनापासून फिरलो.

तेव्हापासून दीड वर्ष झालं. बोचकं बांधायची वेळ आली नाही. रांग वाढत गेली आणि या दिवाळीला वर्षा दुसरा कम्प्युटर घेतेय, माझ्यापेक्षा वेगवान. मला वाईट वाटत नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. पण मला कोपऱ्यात नेलं तरी चालेल, छोट्या पोरांना खेळवेन. एकच मागणं आहे. वर झाकायला कापड घालाल तर चालू असताना घालू नका, आणि तेल एकच थेंब.

आज सकाळी वर्षा निघाली तेव्हा आप्पांच्या कानाशी म्हणाली, "चला आप्पा, मशीन निवडाले."

आप्पांनी नकारार्थी मान हलवली. तिचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला.

"ध्यानमा ठेव. अस्सं चालनारंच मशीन लई ये," ते म्हणाले. "आज तुना हात."

ती एकटी गेली. दुकानात आज कुणी हसलं तर हसू दे. तिच्या तळहाताला माझी धडधड पाठ आहे.